भंगाराचे पैसे ही कमाई नव्हे

धंद्याच्या हिशेबवहीत एक ओळ हमखास सापडते: 'भंगार विक्री'. ती जमेच्या बाजूला असते आणि तिच्याकडे बघून मालकाला बरं वाटतं. टाकाऊतूनही चार पैसे आले, वर जागा मोकळी झाली. कचऱ्याबद्दलचे बरेचसे गैरसमज या एकाच ओळीत बसलेले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

समजा, एका वर्कशॉपमध्ये १०० किलो पत्रा आला. कापून, वाकवून, भोकं पाडून ७० किलोच्या वस्तू तयार झाल्या आणि ३० किलो कात्रण उरलं. ते भंगारात गेलं. हे ३० किलो विकत घेतलं पत्र्याच्या भावाने आणि विकलं भंगाराच्या भावाने, हा झाला पहिला तोटा. पण तेच ३० किलो गाडीतून आलं तेव्हा त्याचंही भाडं भरलं होतं. त्याने गोदामात जागा अडवली. ते यंत्रावर चढलं, त्याने वीज खाल्ली, कामगाराचा वेळ खाल्ला, आणि शेवटी ते उचलून कोपऱ्यात टाकायलाही माणूस लागला. थोडक्यात, कारखान्याच्या त्या दिवसाच्या खर्चातला जवळपास तिसरा हिस्सा भंगार तयार करण्यात गेला. जमेच्या बाजूची ती ओळ म्हणजे आपल्याच खिशातून गळलेल्या पैशांतली हाती लागलेली चिल्लर.

अशा हिशेबाला 'मटेरियल फ्लो कॉस्ट अकाउंटिंग' म्हणतात आणि त्यासाठी आयएसओ १४०५१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये आलं. नाव जड असलं तरी गोष्ट साधी आहे. कचरा हेही आपलं एक उत्पादन धरायचं आणि ते बनवायला किती खर्च आला ते काढायचं. हा आकडा एकदा समोर आला की कचरा उचलणाऱ्याचं बिल किरकोळ वाटायला लागतं. कारखाना नसला तरी फरक पडत नाही. कार्यालयात छापून कोणीही न वाचलेला अहवाल, दुकानात मुदत संपून पडलेला साठा, खानावळीत भरलेल्या भांड्यातून तसंच परत गेलेलं अन्न, ही सगळी कात्रणंच.

कुठलाही व्यापारी आपला माल तोलून घेतो, तोलून देतो. तो भिजू देत नाही, त्यात भेसळ होऊ देत नाही, कोणाला किती दिला ते लिहून ठेवतो. तोच व्यापारी मागच्या दाराने जाणाऱ्या मालाकडे ढुंकून बघत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा प्रकार. माझं म्हणणं एवढंच आहे की मागच्या दारालाही पुढच्या दाराचेच नियम लावा. बाकीचं सगळं त्यातून आपोआप सुचत जातं.

पहिला नियम वजनाचा. एक आठवडा ठरवा. नेहमीचा आठवडा हवा. सणाचा, सुट्टीचा किंवा मोठ्या ऑर्डरचा नको. त्या आठवड्यात प्रत्येक विभागातून निघणारी पिशवी विभागाचं नाव आणि तारीख टाकून बाजूला ठेवा. मग जाड हातमोजे आणि बूट घालून एका ताडपत्रीवर ती ओता, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू, अन्न, इतर असे ढीग करा आणि प्रत्येक ढीग तोला. सुई, तुटलेली काच, रसायनाचा डबा निघायची शक्यता असलेल्या पिशव्या अशा उघडायच्या नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा आहे आणि त्यावर पुढे येतोच. काम घाणेरडं आहे, हे मान्य. पण ज्याच्या हातात खरेदीचे अधिकार आहेत त्याने निदान एक दिवस तरी त्या ताडपत्रीपाशी उभं राहावं. न फोडलेली पाकिटं, चुकीच्या मापाची मागवलेली लेबलं, एका बाजूने कोरा असलेला कागद हे डोळ्यांनी दिसलं की जे कळतं ते तक्त्यातून कळत नाही.

वजनासोबत आकारमानही लिहा, कारण इथे वजन फसवतं. थर्माकोलच्या एका ठोकळ्यात साधारण ९८ टक्के हवा असते. वजनाच्या यादीत तो शेवटी राहील, पण कचऱ्याची गाडी भरून टाकणारा तोच. न दुमडलेल्या खोक्यांचंही तसंच. गाडीच्या फेऱ्यांवर पैसे मोजणारा धंदा प्रत्यक्षात हवा वाहून नेण्याचे पैसे मोजत असतो. खोकी चपटी करण्यासारखं बिनखर्चाचं काम पहिल्याच महिन्यात फेऱ्या कमी करून दाखवतं. माल जास्त असेल तर गठ्ठे बांधायचं यंत्र घेता येतं, पण ते नंतर. आधी सुरीने खोक्याची पट्टी कापायला शिका.

आता वजनांचा तक्ता हातात आला की बहुतेक लोक लगेच रिसायकलिंगकडे धावतात. थोडं थांबा. १९७९ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेत अॅड लान्सिंक या सदस्याने कचऱ्याच्या उपायांची एक शिडी मांडली. कचऱ्याबद्दलची जगभरातली धोरणं आज थोड्याफार फरकाने तीच शिडी वापरतात. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात तिच्या पाच पायऱ्या कायद्यात लिहिल्या: कचरा होऊच न देणं, वस्तू पुन्हा वापरणं, रिसायकलिंग, जाळून ऊर्जा मिळवण्यासारखी इतर वसुली, आणि अगदी तळाला पुरणं. रिसायकलिंग इथे तिसरं आहे. याचं कारण सरळ आहे. गोळा करायला, न्यायला, धुवायला, वितळवायला ऊर्जा लागते आणि बहुतेक पदार्थांचा दर्जा प्रत्येक फेरीत उतरतो. कागदाचे तंतू प्रत्येक वेळी तुटून आखूड होतात आणि काही फेऱ्यांनंतर लगद्यातून गळून जातात. धातू आणि काच याला अपवाद आहेत, ती पुन्हापुन्हा वितळवता येतात. भंगारातून अॅल्युमिनियम बनवायला खनिजापासून बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून अॅल्युमिनियमच्या डब्याला जगात कुठेही गिऱ्हाईक असतं.

शिडीची वरची टोकं खरेदीच्या टेबलावर असतात, कचऱ्याच्या डब्यापाशी नसतात. पुरवठादाराला विचारा: हा माल परत जाणाऱ्या क्रेटमधून पाठवता येईल का? प्रत्येक नगाला वेगळं प्लास्टिक कशासाठी? मोठ्या पॅकमध्ये येईल का? लाकडी पॅलेट परत घेऊन जाल का? विचारायला पैसे पडत नाहीत, आणि पुरवठादारालाही वेष्टनाचा खर्च असतोच, त्यामुळे तो बऱ्याचदा तुमच्याआधी तयार होतो. मोठ्या कंपन्यांना हे फार पूर्वी उमगलं. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने १९७५ मध्ये प्रदूषण निस्तरण्याऐवजी ते होऊच न देण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याचं नावच 'प्रदूषण टाळणं परवडतं' अशा अर्थाचं ठेवलं.

टाळून आणि पुन्हा वापरून झाल्यावर जे उरतं त्याचं रिसायकलिंग करायचं. इथे एक गोष्ट मनात पक्की बसवायला हवी: वस्तू वेगळ्या डब्यात टाकली म्हणजे तिचं रिसायकलिंग झालं असं होत नाही. कोणीतरी ती कच्चा माल म्हणून विकत घेऊन तिची नवी वस्तू केली तरच ते झालं. आणि विकत घेणारा भेसळ बघतो. गाडी आली की तो दोनचार गठ्ठे फोडतो. शितावरून भाताची परीक्षा. दोन गठ्ठे खराब निघाले तर गाडी परत जाते, आणि परत गेलेली गाडी बहुतेक वेळा कचराभूमीवर रिकामी होते.

भेसळ नेमकं काय बिघडवते, हे माहीत असलं की लोक नियम पाळतात, नुसत्या पाट्यांनी पाळत नाहीत. कागदाचा लगदा पाण्यात होतो आणि तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून तेलकट खोक्यावरचं तेल लगद्यात डाग होऊन बसतं. काचेच्या भट्टीत चिनी मातीच्या कपाचा तुकडा वितळत नाही, तो नव्या बाटलीत खडा होऊन राहतो आणि बाटली तिथेच तडकते. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी यांची घनता इतकी सारखी असते की पाण्यात टाकून, तरंगतं ते एक आणि बुडतं ते दुसरं असं वेगळं करताच येत नाही. पीईटी साधारण २५० ते २६० अंशांवर वितळतं. त्या तापमानाच्या खूप आधीच पीव्हीसीचं विघटन व्हायला लागून त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि सगळी खेप पिवळी पडते.

२०१८ मध्ये चीनने बाहेरून येणाऱ्या २४ प्रकारच्या कचऱ्यावर बंदी घातली आणि उरलेल्यातल्या बऱ्याच प्रकारांसाठी भेसळ ०.५ टक्क्याच्या आत हवी अशी अट घातली. म्हणजे १,००० किलोंत ५ किलो. वर्षानुवर्षं 'आम्ही रिसायकल करतो' म्हणणाऱ्या श्रीमंत देशांतल्या कित्येक शहरांचे गठ्ठे रातोरात नाकारले गेले, काही जाळावे तर काही पुरावे लागले. त्यांचा माल आदल्या दिवशीही तितकाच खराब होता, फक्त गिऱ्हाईक कमी चोखंदळ होतं.

प्लास्टिकबद्दल आणखी थोडं. वस्तूच्या बुडाला त्रिकोणात १ ते ७ असा आकडा असतो. तो आकडा अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणला आणि तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, बस. ते तुमच्या भागात कोणी घेतं की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याभोवतीचे फिरते बाण बघून लोक फसतात हे लक्षात आल्यावर २०१३ मध्ये मानकात बाणांच्या जागी भरीव त्रिकोण आला, तरी जुने साचे चालूच आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात निघालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्क्यांचंच रिसायकलिंग झालं, १२ टक्के जाळलं गेलं आणि बाकीचं कचराभूमीत किंवा उघड्यावर गेलं. म्हणून आकडा बघू नका, घेणाऱ्याला विचारा. सर्वसाधारणपणे १ आणि २ आकड्यांच्या बाटल्या-डब्यांना मागणी असते. पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवलेली चकचकीत पाकिटं मात्र जवळजवळ कोणालाच नको असतात, कारण ते थर सुटे करणं परवडत नाही.

'कंपोस्ट होणारं प्लास्टिक' घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. पीएलएसारखं (मका-ऊस अशा पिकांपासून बनवलेलं) प्लास्टिक साधारण ५८ ते ६० अंशांवर चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात कुजतं. अंगणातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं, आणि पीईटीच्या गठ्ठ्यात गेलं तर पुन्हा भेसळ. जवळपास अशी सोय नसेल तर तो नुसता महागडा कचरा आहे.

डब्यांची रचना हा विषय फालतू वाटतो, पण मी पाहिलेल्या बहुतेक योजना इथेच बुडाल्या. एकटा डबा कधीही ठेवू नका. सुक्याच्या शेजारी ओल्याचा आणि 'इतर'चा डबा नसेल तर माणूस दोन पावलंही चालत नाही, हातातलं समोर असेल त्यात टाकतो. प्रत्येक टेबलाखालचा डबा काढून टाका. कुरकुर होईल, आठवड्यात थांबेल. रंग सगळ्या मजल्यांवर एकच ठेवा. पाटीवर 'कागद' असं लिहिण्यापेक्षा तुमच्याच कार्यालयात रोज निघणाऱ्या पाचसहा वस्तूंचे फोटो लावा. कागदाच्या डब्याला फट ठेवा, बाटलीच्या डब्याला गोल भोक. पिशव्या पारदर्शक घ्या, काळ्या पिशवीत काय आहे ते कोणालाच कळत नाही आणि घेणारा ती उघडायच्या भानगडीत पडत नाही.

आणि सफाई करणाऱ्यांशी आधी बोला. त्यांच्या गाड्याला एकच कप्पा असेल तर दिवसभर वेगळं केलेलं सगळं संध्याकाळी एक होणार. हे एका कर्मचाऱ्याने पाहिलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यानंतर कोणी वेगळं करत नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना दोन कप्प्यांचा गाडा आणि त्या कामासाठी जास्तीची वीस मिनिटं द्या. कुठल्या विभागात काय मिसळतं याची सगळ्यात खरी माहितीही त्यांच्याकडेच असते.

ओल्या कचऱ्याचं एकच सांगतो. कचराभूमीत ढिगाखाली दबून, हवेशिवाय अन्न कुजलं की मिथेन तयार होतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ४० टक्के दुकानं आणि खाद्यसेवेतून. खानावळ असेल तर स्वयंपाकघरात वाया गेलेलं आणि ताटात उरलेलं असं वेगवेगळं तोला. पहिल्याचं उत्तर मागणीच्या अंदाजात असतं, दुसऱ्याचं ताटाच्या आकारात. कंपोस्ट त्यानंतर.

काही माल मात्र असा आहे की त्याचं वजनही वेगळं, जागाही वेगळी आणि घेणाराही वेगळा. जुन्या पद्धतीच्या (एलईडी नसलेल्या) ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, फुटली की त्याची वाफ खोलीत पसरते, म्हणून जुन्या ट्यूब नव्यांच्याच खोक्यात उभ्या ठेवा. जवसाच्या तेलाने किंवा लाकडाच्या पॉलिशने भिजलेल्या चिंध्या ढिगात साठल्या तर हवेशी होणाऱ्या प्रक्रियेने आपोआप तापतात आणि कोणी काडी न लावता पेटतात. त्या झाकणाच्या धातूच्या डब्यात हव्यात. लिथियम बॅटरी साध्या डब्यात गेली, गाडीत दाबली गेली, की आतले थर एकमेकांना टेकून आग लागते. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या डब्यात जमा करा. वापरलेलं तेल, रंग, द्रावकं मोरीत ओतायची नाहीत आणि एकमेकांतही ओतायची नाहीत. दोन ओळखीच्या रसायनांची विल्हेवाट लावता येते, त्यांच्या मिश्रणाची विल्हेवाट फार महाग पडते, आणि कधीकधी ते मिश्रण तिथेच जीव घेतं. डब्यावर नाव, तारीख आणि धोका लिहा. बिनलेबलाच्या डब्याला कोणी हात लावत नाही आणि लावूही नये.

जुने संगणक आणि फोन हा यातला सगळ्यात गैरसमजाचा माल. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच आहे. बाकीच्यातला बराच असा सुटतो की तांब्यासाठी कोणीतरी वायर उघड्यावर जाळतो, सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवतो, आणि तो धूर त्याच्या घरात जातो. धंद्याच्या दृष्टीने आणखी एक धोका आहे. फाइल 'डिलीट' केली की तिची अनुक्रमणिकेतली नोंद पुसली जाते, मजकूर बऱ्याचदा डिस्कवर तसाच असतो. यंत्र विकण्याआधी खास साधनाने डेटा पुसून घ्या, किंवा डिस्कचे तुकडे करून घ्या, आणि प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकानिशी तसं प्रमाणपत्र घ्या. नुसती 'संगणक, नग १२' अशी पावती काही कामाची नाही.

तिथून शेवटचा नियम येतो: माल कोणाला दिला आणि त्याचं पुढे काय झालं. उचलणाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. माल शेवटी कुठल्या ठिकाणी जातो ते नावानिशी विचारा आणि वर्षातून एकदा अचानक तिथे जाऊन या. तिथल्या वजनाची पावती तुमच्या दारातल्या वजनाशी जुळवा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात धोकादायक माल न्यायला तयार असलेला माणूस ते काम कसं परवडवतो, याचा विचार सही करण्याआधी करा. बऱ्याच देशांत ठेकेदाराने माल भलतीकडे टाकला तरी ज्याचा माल त्याच्याकडेच बोट येतं. '१०० टक्के कचराभूमीबाहेर' असा दाखला दिला तर किती टक्के रिसायकल आणि किती टक्के भट्टीत, हे वेगळं लिहून मागा.

दृष्टीआड सृष्टी ठेवली तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीची सुमारे १४,००० टन राख 'खियान सी' नावाच्या जहाजात भरली गेली. शहराने ठेकेदाराला काम दिलं होतं आणि ठेकेदाराने पुढे जहाजवाल्यांना. शहराच्या लेखी राख गेली, विषय संपला. एकामागून एक देशांनी ती उतरवून घ्यायला नकार दिला. जानेवारी १९८८ मध्ये जहाजाने हैतीत, कागदोपत्री 'खत' म्हणून, सुमारे ४,००० टन राख किनाऱ्यावर उतरवली आणि पोबारा केला. नंतर नाव बदलून ते 'फेलिशिया' झालं, मग 'पेलिकानो', आणि वर्षाच्या शेवटी रिकामं दिसलं. बाकीची राख समुद्रात टाकली होती. त्याबद्दल खोटी साक्ष दिली म्हणून जहाज चालवणाऱ्या कंपनीचे दोन अधिकारी १९९३ मध्ये दोषी ठरले. अशाच प्रकरणांमुळे १९८९ मध्ये घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर बंधनं घालणारा बाझल करार झाला. हैतीतल्या राखेतला बराच भाग २००० मध्ये पुन्हा उचलला गेला, फ्लोरिडात एका तराफ्यावर दोन वर्षं पडून राहिला, आणि २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका कचराभूमीत पुरला गेला. फिलाडेल्फिया त्याच राज्यात आहे.